घरोघरी रेकॉर्ड केलेलं नाटक जोडताना

नाटकाचं श्राव्य रूपांतर करताना प्रत्येक जण आपली भूमिका आपापल्या घरी रेकॉर्ड करून पाठवतो. मग जोडणाऱ्याचा अर्धा वेळ ‘हे वाक्य नेमकं कुठलं?’ हे शोधण्यातच जातो. त्यावर सोपा उपाय:

१. संहितेतल्या प्रत्येक संवादाला सलग क्रमांक द्या. रंगसूचनांनाही, त्या निवेदक वाचेल.

२. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून खोलीची शांतता रेकॉर्ड करा. आवाजातली खरखर काढायला आणि संवादांमधल्या मोकळ्या जागा भरायला हाच तुकडा लागतो.

३. आधी क्रमांक बोला, थोडं थांबा, समोरच्याचं वाक्य मनात वाचा आणि मग आपला संवाद म्हणा. मनातलं वाचन टाळू नका. नाहीतर भांडणाच्या प्रवेशात एक जण चिडलेला आणि दुसरा बातम्या वाचतोय, असं होतं! पुढच्या क्रमांकाआधी तीन सेकंद सोडा.

४. चुकलात तर रेकॉर्डिंग बंद न करता एक टाळी वाजवा आणि तोच संवाद पुन्हा म्हणा. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाळीचा उंच सुळका लांबूनच दिसतो. त्याच्या आधीचं चुकलेलं वाक्य कापायचं.

हशा, हुंदके, ‘अं?’ हेही संवादच समजा, त्यांनाही क्रमांक हवा. आम्ही पहिल्यांदा विसरलो होतो.

फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवू नका, आवाज दाबला जाऊन त्याचा दर्जा घसरतो. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवरून पाठवा.