नाव जुळलं म्हणजे पूर्वज सापडला नाही! इंग्लंडच्या जुन्या नोंदी चाळताना या चुका टाळा

महिन्यातून एक तरी ईमेल येतोच. ‘ताई, बायकोकडचं घराणं शोधतोय. सोळाव्या शतकापर्यंत पोचलो, पुढे अडलंय.’ मी विचारते, कधीपासून शोधताय? ‘मागच्या शनिवारपासून.’ एकजण तर रविवारी संध्याकाळपर्यंत राजा तिसऱ्या एडवर्डच्या वाड्यात जाऊन बसला होता. सोमवारी त्याला बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं.

माझं लग्न इंग्रज घरात झालं, राहते डर्बीत. सासरची वंशावळ लावता लावता वीसेक वर्षं या नोंदवह्यांत गेली. खाली ज्या चुका लिहिल्यात त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्यात, त्यामुळे चिडायचा हक्क मला आहे.

आधी एवढं लक्षात घ्या. त्र्यंबकेश्वराला किंवा नाशिकला जाऊन आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की तीर्थोपाध्याय वही काढतात आणि आजोबा-पणजोबा ओळीने वाचून दाखवतात. ती वही कुळावार असते. इंग्लंडच्या पाद्र्याची वही तारखेवार. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल याच्या हुकुमाने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, बाप्तिस्मा, लग्न आणि दफन लिहायला सुरुवात झाली. कोण कोणाचा कोण हे पाद्र्याला ठाऊक होतं, गावाला ठाऊक होतं, म्हणून त्याने ते लिहिलं नाही. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली ती थेट १ जुलै १८३७ ला. त्याच्या अलीकडे रजिस्ट्रार, पलीकडे पाद्री. जी घसरगुंडी होते ती बहुतेक वेळा या दोघांच्या मधल्या उडीत.

पहिलं नाव दिसलं की गळ्यात माळ

सासूबाईंचे खापरपणजोबा. आडनाव सांगत नाही, टेलर समजा आणि नाव जॉन. १८५१ च्या जनगणनेत ते डर्बीत सापडले: वय ३८, धंदा मागावर पायमोजे विणण्याचा, जन्म बेल्परजवळच्या एका खेड्यात. म्हणजे जन्म साधारण १८१२-१३ चा. त्या खेड्याची बाप्तिस्म्याची वही उघडली तर १८१३ मध्ये जॉन टेलर हजर. बाप टॉमस, आई हॅना. गाव जुळलं, साल जुळलं, नाव जुळलं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग टॉमसचा बाप, त्याचा बाप, असं करत चौदा महिन्यांत १६९० पर्यंत गेले. सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाला सुंदर अक्षरात लिहून घेतलेली वंशावळ फ्रेम करून दिली. त्यांनी ती जिन्याच्या भिंतीवर लावली आणि येईल त्या पाहुण्याला दाखवली.

पुढच्या वर्षी मॅटलॉकच्या अभिलेखागारात भलत्याच बाईचं दफन शोधत होते. पान उलटलं आणि दिसलं: जॉन टेलर, तेच गाव, १८१६, वय वर्षं ३. १८१३ पासून छापील वह्या आल्या आणि दफनाच्या रकान्यात वयही यायला लागलं, म्हणून ते तीन मला दिसलं तरी. आधीच्या वहीत नुसतं नाव असतं आणि मी कदाचित पुढे गेले असते. तीन वर्षांचं पोर पस्तीस वर्षांनी डर्बीत मोजे विणत बसणार नाही. आमचा जॉन दुसराच होता आणि मी चौदा महिने परक्याचं श्राद्ध घालत होते.

खरी लाज पुढे आहे. आमच्या जॉनचं लग्न १८३७ नंतरचं. त्या काळच्या लग्नाच्या सर्टिफिकेटवर वर आणि वधू दोघांच्या वडिलांचं नाव आणि धंदा लिहिलेला असतो. (आयांची नावं लिहायला २०२१ साल उजाडावं लागलं, पण तो वेगळा राग.) ते सर्टिफिकेट मी मागवलंच नव्हतं. थोडे पौंड वाचवायचे होते. शेवटी मागवलं तर वडिलांचं नाव विल्यम. टॉमस नाही, विल्यम.

आणि विल्यमचा जॉन पॅरिशच्या वहीत नव्हताच, कारण हे लोक मेथॉडिस्ट. जन्म त्याच खेड्यात, बाप्तिस्मा मात्र चॅपलमध्ये, म्हणजे त्यांच्या पंथाच्या वेगळ्या प्रार्थनाघरात. अशा अधिकृत चर्चबाहेरच्या ख्रिस्ती पंथांच्या वह्या सरकारने १८३७ च्या सुमारास गोळा केल्या, त्या आता लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ऑनलाइनही बघता येतात. हार्डविकच्या लग्नाच्या कायद्यामुळे १७५४ पासून १८३७ पर्यंत लग्नापुरतं सगळ्यांना इंग्लंडच्या चर्चमध्येच उभं राहावं लागे, सूट फक्त क्वेकर पंथाच्या आणि ज्यू लोकांना. त्यामुळे आई-बापांचं लग्न चर्चच्या वहीत सापडतं, मुलं एकही सापडत नाहीत, आणि नवशिका म्हणतो ‘निपुत्रिक असावेत’. अहो, पलीकडच्या गल्लीत चॅपल आहे, तिथे आठ पोरं बसलीयत.

तेव्हापासून माझी एकच सवय. बाप्तिस्म्याची नोंद आवडली की आधी त्या बाळाला मारायचा प्रयत्न करायचा. ऐकायला वाईट वाटतं, पण पुढची दहा वर्षं दफनाची वही ओळीने वाचायची. बाळ त्यातून जिवंत बाहेर आलं, तर मग शेजारच्या पाच-सहा पॅरिशमध्ये त्याच नावाचं, त्याच वयाचं दुसरं कोणी आहे का ते बघायचं. सगळे बाद झाले आणि एक उरला तरच त्याला पेन्सिलने वंशावळीच्या झाडावर लिहायचं. पेनने नाही. आणि एक मूल गेलं की पुढच्याला तेच नाव ठेवायची इंग्रजांत सर्रास पद्धत होती. एकाच घरात तीन जॉन दिसले तर ती पाद्र्याची डुलकी नसते, पहिले दोघे बहुतेकदा गेलेले असतात.

सासूबाईंनी ती फ्रेम अजून काढलेली नाही. ‘अक्षर छान आहे’ म्हणतात.

मेलेली आई बाळंत कशी झाली?

ही माझी दुसरी लाडकी चूक. लेस्टरमधल्या एका आपल्या मुलाने मोठ्या अभिमानाने तक्ता पाठवला. त्यात १७३० मध्ये एका शेतकऱ्याच्या दोन बायका, दोघींचं नाव एलिझाबेथ. पहिलीचं दफन १२ फेब्रुवारी १७३० ला आणि मुलीचा बाप्तिस्मा १० एप्रिल १७३० ला. आई फेब्रुवारीत गेली, मग एप्रिलमधल्या बाळाची आई दुसरी असणार, असा हिशोब. दुसऱ्या एलिझाबेथचं लग्न कुठल्याच वहीत मिळत नव्हतं, म्हणून तीन महिने शोध. मिळणार कुठून? ती बाई नव्हतीच.

त्या काळी इंग्लंडमध्ये साल बदलायचं २५ मार्चला. म्हणजे ‘१७३० चा फेब्रुवारी’ हा ‘१७३० च्या एप्रिल’नंतर दहा महिन्यांनी येतो. आजच्या हिशोबाने तो फेब्रुवारी १७३१. बाळ आधी झालं, आई नंतर गेली, बायको एकच.

यात आपल्या लोकांनी अडखळावं याचं मला खरंच नवल वाटतं. आजीचं पंचांग ज्याने पाहिलंय त्याला हे शिकवावं लागू नये. शक बदलतो पाडव्याला. एखाद्या शकाच्या चैत्रात मूल झालं आणि त्याच शकाच्या माघात आई गेली, तर आधी काय झालं हे घरातलं पोरही सांगेल. इंग्रजांचा २५ मार्चही पाडव्याच्याच आसपास पडतो. पण वही इंग्रजीत दिसली की आपण जानेवारीपासून मोजायला लागतो.

पुढे इंग्लंडने कॅलेंडरच बदललं. १७५१ साल तर २५ मार्चला सुरू झालं आणि ३१ डिसेंबरलाच आटोपलं. १७५२ मध्ये २ सप्टेंबरनंतरचा दिवस थेट १४ सप्टेंबर. मधल्या अकरा तारखांना कोणी जन्मल्याची नोंद तुमच्या झाडावर असेल तर ती कोणीतरी घरी बसून लिहिलेली आहे.

यावर माझा उपाय म्हणजे पान वर-खाली सरकवणं. एक नोंद कापून घेऊन पळायचं नाही, आधीचे आणि नंतरचे महिने कुठल्या क्रमाने आलेत ते बघायचं. डिसेंबरनंतर जानेवारी येऊनही वरचा आकडा बदलला नसेल, तर जुना हिशोब चालू आहे. मी अशी तारीख १७३०/३१ अशी जोडून लिहिते. फॅमिली ट्रीच्या काही सॉफ्टवेअरना ते पचत नाही, तो त्यांचा प्रश्न.

दुसऱ्याचं झाड उपटून आपल्या अंगणात

वंशावळीची साइट तुम्हाला सुचवते: हा तुमचा पूर्वज असू शकतो, जोडा. बोट लागलीच पुढे. ‘तेवीस जणांच्या झाडावर हेच आहे हो’ असा पुरावा मला दिला जातो. तेवीस जणांनी एकाचंच उतरवून घेतलंय, आणि त्या एकाने रविवारी दुपारी अंदाज बांधला होता. दुसऱ्यांची झाडं मी वाचते, नाही असं नाही. पण गल्लीतल्या गप्पांसारखी: कान द्यायचा, जबानी धरायची नाही.

तीच गोष्ट टाइप केलेल्या इंडेक्सची, म्हणजे वहीवरून केलेल्या नावांच्या यादीची. मूळ पानाचा फोटो असताना नुसत्या इंडेक्सवर समाधान मानणाऱ्यांचं मला काही कळत नाही. जुन्या लिखाणात ‘एस’चं एक लांब रूप असतं, दिसायला जवळजवळ ‘एफ’. त्यामुळे मॉसचं ‘मॉफ्स’ होतं आणि अख्खं घराणं शोधातून गायब. वही किडीने खाल्ली असेल तर बिशपकडे दरवर्षी जाणारी नक्कल बघा, कधीकधी तिच्यात मूळ वहीपेक्षा एखादा शब्द जास्त असतो.

बाकीच्या, पटापट

बाप्तिस्म्याची तारीख ही जन्मतारीख नव्हे. काही जण चार मुलं एकदम घेऊन जात, बारा वर्षांच्या मुलीसकट.

सरकारी जन्म-मृत्यूच्या इंडेक्समध्ये नोंदी तिमाहीवार असतात, आणि ती तिमाही नोंदणीची असते. जन्म नोंदवायला ४२ दिवस असत, म्हणून डिसेंबरचं बाळ पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत शोधा. आणि तिथे दिसतं ते नोंदणी जिल्ह्याचं नाव, गावाचं नाही.

‘आईचं माहेरचं आडनाव इंडेक्समध्ये नाही’ ही तक्रार १९११ च्या आधीच्या जुन्या इंडेक्सबद्दल खरी आहे. जनरल रजिस्टर ऑफिस या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या स्वतःच्या ऑनलाइन इंडेक्समध्ये ते १८३७ पासून दिलंय. तिथे जा.

१८४१ च्या जनगणनेत पंधराच्या वरची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. २५ म्हणजे २५ ते २९ काहीही. नातीही लिहिलेली नाहीत, एका छपराखालचे सगळे भावंडं धरू नका.

जुन्या कागदावर ‘सन इन लॉ’ दिसलं की जावई समजू नका, सावत्र मुलगाही असतो.

लग्नाच्या नोंदीत वयाऐवजी ‘फुल एज’ असेल तर एवढंच कळतं की स्वतः एकवीस पूर्ण सांगितली. साठही असतील.

‘आमच्या क्लार्कच्या शेवटी ई आहेच.’ नसतो. लिहिणाऱ्याने कानावर पडलं ते लिहिलं, सांगणाऱ्याला वाचता येत नव्हतं.

पॉली म्हणजे मेरी, पेगी म्हणजे मार्गारेट, नॅन्सी म्हणजे अ‍ॅन, जॅक म्हणजे जॉन. आपल्याकडचे अण्णा कुठल्या सातबाऱ्यावर सापडतात? माहेरचं पहिलं नावही बदलून टाकायची रीत तरी तिकडे नव्हती, तेवढं सोपं आहे.

१६४० ते १६६० च्या दरम्यान वही कोरी असेल तर कुटुंब गाव सोडून गेलं नव्हतं. यादवी युद्ध आणि त्यानंतरचा गोंधळ चालला होता.

१९३१ ची जनगणना शोधू नका. ती १९४२ मध्ये आगीत जळाली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. १९२१ नंतर थेट १९३९ चं रजिस्टर, म्हणजे युद्ध सुरू झाल्यावर केलेली लोकांची नोंद.

आणि मुंबई-पुण्याहून विचारणाऱ्यांसाठी

पणजोबा रेल्वेत गार्ड होते, पणजी अँग्लो-इंडियन, जन्म पुण्याचा किंवा भायखळ्याचा, आणि शोध चाललाय इंग्लंडच्या जन्म-नोंदणीत. तिथे ती बहुधा मिळणारच नाही. मुंबई इलाख्यातल्या चर्चांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत: बंगाल एन/१, मद्रास एन/२, मुंबई एन/३. बऱ्याचशा फाइंडमायपास्ट या वंशावळीच्या साइटवर बघता येतात, आणि फिबिस या ब्रिटिश भारतातली कुटुंबं शोधणाऱ्यांच्या संस्थेचा शोध फुकट आहे, सुरुवात तिथून करा. आई भारतीय असेल तर तिचं नाव लिहिलेलं असेलच असं नाही. तो रकाना कोरा बघायची मनाची तयारी ठेवा, आणि कोरा दिसला तर कोरा ठेवा, अंदाजाने भरू नका.

तिथेही माझी सवय तीच, बाप्तिस्मा मिळाला की आधी दफनाची वही. मुंबईत माणसाचं आयुष्य दोन पावसाळ्यांचं, अशी म्हणच कंपनीच्या इंग्रजांत होती.