‘चित्रण आणि सामूहिक अस्मिता’: या पेपरात मार्क कुठे जातात?

माध्यमं एखादा समूह कसा दाखवतात आणि त्यातून ‘आपण’ ही भावना कशी घडते, हा माध्यम अभ्यासातला प्रश्न सोपा वाटतो, कारण उदाहरणं आपण पाहिलेल्या सिनेमांतली असतात. तिथेच गोची होते. पुरवण्या भरतात आणि मार्क मात्र बेताचेच पडतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘अमुक समाजाचं चित्र खरं दाखवलं की खोटं’ एवढ्यावर उत्तर संपवणं. माध्यम म्हणजे आरसा, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांची मांडणी याच्या विरुद्ध आहे: अर्थ आधीच कुठेतरी तयार नसतो, तो चित्रणातूनच घडतो. म्हणून खरं-खोटं ठरवत बसू नका. कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे, बोलतंय कोण, कुणाबद्दल नुसतं बोललं जातंय आणि चौकटीबाहेर कोण राहिलं, हे लिहा.

‘फँड्री’ या सिनेमाचंच घ्या. निम्मं उत्तर कथानकात जातं आणि ते परीक्षकाला पाठ असतं. त्यापेक्षा एकच दृश्य धरा. मारलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन कुटुंब चाललंय आणि मागे शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं आहेत. किंवा शेवटी त्या कुटुंबातल्या जब्याने थेट कॅमेऱ्याच्या दिशेने भिरकावलेला दगड. त्या क्षणी प्रेक्षक गंमत बघणाऱ्या गावकऱ्यांच्या रांगेत जाऊन बसतो. ‘आपण’ म्हणजे कोण, हा प्रश्न त्या एका शॉटने उभा केला. यावर नीट लिहिलेला एक परिच्छेद दोन पानांच्या कथेला भारी पडतो.

दुसरी चूक: समूह आधीपासून होताच, माध्यमांनी फक्त तो दाखवला, असं धरून चालणं. राष्ट्रवादाचे अभ्यासक बेनेडिक्ट अँडरसन यांनी 1983 मध्ये मांडलं की, एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या माणसांना ‘आपण एक’ वाटायला लावण्यात छापील मजकुराचा, विशेषतः वर्तमानपत्रांचा, मोठा हात असतो. आपल्याकडचं चपखल उदाहरण म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, 1956 साली, आचार्य अत्र्यांनी सुरू केलेलं ‘मराठा’ हे दैनिक. पण इथेच थांबलात तर उत्तर अर्धं राहतं. त्या ‘आपण’मध्ये कुणाला जागा होती? त्याच्या कितीतरी आधी, 31 जानेवारी 1920 रोजी, बाबासाहेबांना ‘मूकनायक’ हे पाक्षिक काढावं लागलं होतं आणि त्याच्या शीर्षस्थानी तुकोबांचा अभंग होता. सगळ्या महाराष्ट्राचा म्हणवला जाणारा वारसाच हाती घेऊन तिथे वेगळा आवाज उभा राहिला. अस्मितेवरच्या उत्तराला यापेक्षा चांगला दुवा मला तरी ठाऊक नाही.

विचारवंतांची नावं ओळीने टाकून मार्क मिळत नाहीत. सिद्धांत उदाहरणाला लावून बघा, तो अडला तर तेही लिहा. सिनेमाच्या अभ्यासक लॉरा मल्व्ही यांनी 1975 मध्ये ‘पुरुषी नजरे’ची, म्हणजे सिनेमा बाईला पुरुषाने बघायची वस्तू करतो ही, कल्पना मांडली ती हॉलीवूडच्या सिनेमांवरून. ‘सैराट’मधली आर्ची बुलेट चालवते, परश्याकडे उलट रोखून बघते. मग नजर कुणाची? ती किती उलटते, आणि उत्तरार्धात तिचं काय होतं? इथे मतभेदाला जागा आहे, आणि परीक्षकाला तेच हवं असतं.

एकाच कलाकृतीवर अख्खं उत्तर उभं करू नका. ‘सैराट’ 2016 चा, त्यावरून बेतलेला हिंदी ‘धडक’ 2018 चा. कथा उदयपूरला गेली आणि जात धूसर झाली. देशभरच्या प्रेक्षकासाठी बनवताना हेच का पुसट झालं असेल, हे विचारलंत की निर्मितीसंस्था आणि बाजारही उत्तरात आपोआप येतात.

‘प्रेक्षकांवर परिणाम होतो’ हे वाक्य तर खोडूनच टाका. ‘सैराट’मधल्या ‘झिंगाट’ गाण्यावर थिएटरात नाचणारे आणि त्याच सिनेमात आपल्या जातीची बदनामी दिसलेले, दोघांनी पाहिला तो एकच सिनेमा. हॉल यांची प्रबळ (अपेक्षित अर्थ तसाच घेणारं), तडजोडीचं (थोडा घेणारं, थोडा बदलणारं) आणि विरोधी (तो नाकारणारं) अशी तीन वाचनं याच्यासाठीच आहेत.

पाठ केलेलं उत्तर प्रश्न न वाचता उतरवणाऱ्यांबद्दल काय बोलावं! प्रश्नात ‘कितपत’ असेल तर बाजू घ्यावीच लागते.

शेवटच्या आठवड्यात नव्या नोट्स जमवू नका. रविवारच्या पेपरातलं वधू-वर सूचक पान उघडा, घड्याळ लावा आणि त्यावर वीस मिनिटांत एक उत्तर लिहून काढा.