कर्नलच्या क्रिप्टो कोडमध्ये फ्रेम फुगली तर

लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नलमधला, कूटलेखनाचा (क्रिप्टो) कोड तपासायचा तर सगळा कर्नल बिल्डला लावून सेवउसळ खायला जायची गरज नाही, आणि मे महिन्यातल्या बडोद्यात लॅपटॉपलाही ते सोसत नाही. ‘मेक क्रिप्टो/’ एवढंच द्या. एखादी फाइल अडली तर फक्त तिचं ‘.ओ’ (ऑब्जेक्ट फाइलचं) नाव द्या आणि मागे ‘व्ही=1’ जोडा, म्हणजे कंपायलरकडे कोणते फ्लॅग, म्हणजे पर्याय, गेले ते दिसतं.

कर्नल ओ-टू या ऑप्टिमायझेशन पातळीवर बांधतात, आकार कमी हवा असेल तर ओ-एसवर. डीबगिंग सोपं जाईल म्हणून ओ-झिरो (ऑप्टिमायझेशन बंद) लावाल तर बिल्डच मोडेल. कधीच न चालणाऱ्या फांद्या कंपायलर छाटणार, हे या कोडने गृहीतच धरलंय. त्या उरल्या की ऑब्जेक्ट फाइल्स जोडणारा लिंकर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणतो.

क्रिप्टोत नवख्यांना खरी छळते ती फ्रेम साइज, म्हणजे एक फंक्शन स्टॅकवर स्वतःसाठी घेतं तेवढी जागा. 32 बिटवर 1024 आणि 64 बिटवर 2048 बाइट ही नेहमीची मर्यादा. ओलांडली की वॉर्निंग, आणि कॉन्फिगमध्ये ‘वेरर’ चालू असेल तर थेट एरर. ब्लेक-टू-बी हे हॅश फंक्शन घ्या: 64 बिटांचे 16 शब्द स्टेटचे, 16 मेसेजचे, म्हणजे 256 बाइट. मग फ्रेम हजारावर जाते कशी? 12 राउंड उलगडलेले, 32 बिट एक्स-86कडे सामान्य रजिस्टर (प्रोसेसरच्या आतल्या जागा) जेमतेम 8, आणि प्रत्येक शब्दाला त्यातले दोन लागतात. जे मावत नाही ते कंपायलर स्टॅकवर टाकतो. त्यात कंपायलरच्या शेड्युलरने सूचना मागेपुढे केल्या की एकाच वेळी सांभाळायच्या किमती आणखी वाढतात. केएसॅन, यूबीसॅन (चुका पकडायला कोडमध्ये जादा तपासण्या घालणारे पर्याय) चालू असतील तर आधी ते बंद करून पाहा. बऱ्याचदा फुगवटा त्यांचाच असतो.

‘फ्रेम-वॉर्न’चा, म्हणजे या मर्यादेचा, आकडा सरसकट वाढवणं हा आळशी उपाय. एक्स-86च्या 64 बिटवर प्रत्येक थ्रेडचा कर्नल स्टॅक उणापुरा 16 केबी, आणि तुमच्या फंक्शनच्या वर आधीच दहा जण बसलेले. इलाज त्या फाइलपुरता करा: मेकफाइलमध्ये ‘सीफ्लॅग्ज_’पुढे ऑब्जेक्टचं नाव. कर्नलमध्ये व्हर्लपूल या हॅशच्या फाइलला ‘नो-शेड्यूल-इन्सन्स’ (सूचना मागेपुढे करू नको) आणि सर्पंट या सायफरला ‘शेड-प्रेशर’ (मागेपुढे करताना रजिस्टरचा ताण बघ) असंच लावलं गेलं. ब्लेक-टू-बीची मर्यादा चक्क 4096 केली गेली, पण त्या एकाच फाइलची, आणि शेजारी जीसीसी या कंपायलरच्या बगचा दुवा ठेवून. कारण न लिहिलेला फ्लॅग काढायची पुढे कुणाची छाती होत नाही.

बिल्ड निमूट झाला तरी एक जागा तपासाच. फंक्शनच्या शेवटी किल्ली पुसायला साधा ‘मेमसेट’ (मेमरीत एकच किंमत भरणारं फंक्शन) असेल, तर पुढे ती जागा कुणी वाचत नाही असं पाहून ओ-टू तो उडवू शकतं, तेही वॉर्निंगशिवाय. तिथे ‘मेमझीरो-एक्स्प्लिसिट’ लिहा आणि ‘ऑब्जडंप -डी’ने ऑब्जेक्ट उघडून शून्य भरणाऱ्या सूचना ‘रेट’च्या (फंक्शनमधून परतायच्या सूचनेच्या) आधी शाबूत आहेत का ते डोळ्यांनी पाहा.