बंदुकीचा जुना दस्ता: घासा कमी, पुसा जास्त

जुना दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, नवा करायचा म्हटलं की बहुतेकांचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. माझा जात नाही. जुनं वॉर्निश, घाण आणि मुरलेलं तेल निघालं की निम्म्याहून अधिक काम झालेलं असतं. लोखंडाला टेकणाऱ्या कडांवर लाकूड मुळात केसभर उंच ठेवलेलं असतं. तिथे चार वेळा पेपर फिरवलात की लोखंड वर आणि लाकूड खाली. मग त्यावर इलाज नाही.

बंदूक रिकामी आहे याची खात्री चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, डोळ्यांनी पाहून आणि बोट घालून करा. नळी आणि सगळे धातूचे भाग उतरवा. स्क्रूच्या खाचेत गच्च बसेल असाच पेचकस वापरा, सैल पेचकसाने खाचेची वाट लागते. कोणता स्क्रू कुठला ते लिहून ठेवा. जुनी लष्करी रायफल असेल आणि दस्त्यावर शिक्के असतील, तर ती घासूच नका. ते शिक्के गेले की संग्राहक तिच्याकडे बघणारही नाही. मुठीजवळच्या बारीक भागात चीर दिसली तर पॉलिशचा विषय बाजूला ठेवा. गोळीचा धक्का तिथेच बसतो, तेव्हा आधी जाणकार कारागिराला दाखवा.

वर कसला थर आहे ते आडबाजूला स्पिरिटचा बोळा टेकवून कळतं. चिकट होऊन विरघळला तर चपड्याचं पॉलिश, स्पिरिटनेच निघेल. ढिम्म राहिला तर पेंट रिमूव्हर लावा, हातमोजे घालून आणि मोकळ्या हवेत. चौकड्यांच्या नक्षीवर पेपर अजिबात लावू नका, जुना टूथब्रश पुरे. तेलाने काळा पडलेला भाग असेल तर खडूची बारीक पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्या. वाळला की झटका, गरज पडली तर पुन्हा द्या. जवळपास आग किंवा ठिणगी नको.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग: दबलेले खड्डे. जाड सुती फडकं भिजवून पिळा, घडी खड्ड्यावर ठेवा आणि गरम इस्त्रीचं टोक वरून टेकवा. चर्रर्र आवाज होऊन वाफ निघते. फडकं कोरडं पडायच्या आत इस्त्री उचला. दबलेले तंतू वाफ पिऊन फुगतात आणि खड्डा तुमच्या डोळ्यांदेखत वर येतो. खोल असेल तर पुन्हा करा. मात्र तंतू तुटलेले असतील, म्हणजे ओरखडा किंवा खाच असेल, तर वाफेचा उपयोग नाही.

पूर्ण वाळल्यावर बटप्लेट (दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकाची पट्टी) जागेवर बसवा, नाहीतर घासताना तिथली कडा गोल होते. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेने चालवा: आधी 180 नंबरचा, मग 220, मग 320. तोंडाला मास्क हवाच, दस्ता अक्रोडाचा असेल तर त्याची भुकटी त्रास देते. मग ओलसर फडकं फिरवा, वाळू द्या. लाकडाचे बारीक केस उभे राहतील, ते 320 ने हलकेच काढा. हे आणखी एकदा केलंत तर उत्तम. लोखंडी वूल (बारीक तारांची घासणी) मी या कामात घेत नाही. त्याचे कण लाकडात अडकतात, ओल लागली की गंजतात आणि अक्रोडाच्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे काळे ठिपके पडतात.

तेल बॉइल्ड लिनसीडच, म्हणजे लवकर वाळणारं जवसाचं तेल, घ्या; कच्चं जवसाचं तेल वाळायला फार वेळ घेतं. थोडंसं तळहातावर घेऊन दस्ता कोमट लागेपर्यंत चोळा आणि पंधरा मिनिटांनी जादा तेल पूर्ण पुसा. पुसायचं राहिलं की चिकट थर होतो. तेलाच्या एका हातानंतर दुसरा हात देण्याआधी किमान 24 तास जाऊ द्या, दमट हवेत जास्त. चार-पाच हात पुरतात. आतल्या खाचांना आणि बटप्लेटखालच्या उघड्या टोकालाही पातळ हात द्या, पाणी तिथूनच शिरतं. तेलाची फडकी गोळा करून टाकू नका, ती आपोआप पेट घेतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

जोडण्याआधी तेल नीट सुकलंय ना ते बघा. सगळं बसवल्यावर रिकाम्या बंदुकीची सेफ्टी आणि घोडा मोकळे चालतात का, तेही तपासा.