शिक्षकांनीच चालवलेल्या अभ्यासबैठका: या चुका टाळा

केंद्रातील, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या समूहातील, शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र यावे आणि आपल्याच वर्गातील अडचणींवर बोलावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवीन नाही. पूर्वी ती गटसंमेलन या नावाने चालत असे, आता केंद्रस्तरीय शिक्षण परिषद या नावाने चालते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांची व्यावसायिक विकासाची संधी मिळावी आणि त्यात त्याच्या स्वतःच्या आवडीला स्थान असावे, असे म्हटले आहे. तेव्हापासून ‘विषय शिक्षकच ठरवतील’ अशा बैठका भरवण्याचा उत्साह बराच वाढलेला दिसतो. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिकवतो आणि गेली ११ वर्षे शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर अशी ऐच्छिक बैठक घेत आलो आहे. नव्याने सुरू झालेल्या गटांनी बोलावले तर तिथेही जातो आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी त्याच त्या चुका पाहतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फळ्यासमोर उभे राहून ‘आज तुम्हाला काय शिकायला आवडेल?’ असे विचारणे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मे २०१० मध्ये पहिला एडकॅम्प, म्हणजे शिक्षकांनीच चालवलेला मेळावा, भरला, तेव्हा कार्यक्रमपत्रिका आधीपासून ठरवलेली नव्हती. जमलेल्या शिक्षकांनी त्याच दिवशी कोरा तक्ता भरून सत्रे ठरवली. आपल्याकडे त्यातला कोरा तक्ता तेवढा उचलला जातो. मी घेतलेल्या पहिल्या बैठकीत ३४ शिक्षक होते. फळ्यावर आलेले विषय असे होते: इंग्रजी संभाषण, शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी, मोबाईलचा अध्यापनात वापर, मुलांची शिस्त. यांतला एकही विषय कोणाच्या वर्गातून आलेला नव्हता. प्रशिक्षणांच्या परिपत्रकांत जे शब्द वर्षानुवर्षे वाचले होते, तेच फळ्यावर उतरले होते. दोन तास चर्चा झाली, सगळे जण समाधानाने घरी गेले आणि सोमवारी कोणाच्याही वर्गात काहीही बदलले नाही. शिक्षकाला स्वातंत्र्य दिले, पण त्याच्या हातात प्रश्न नसला, तर तो सवयीचा विषयच मागतो.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या वर्गातील एका मुलाची किंवा मुलीची वही आणायची. वही नसेल तर मुलाने उच्चारलेले वाक्य जसेच्या तसे चिठ्ठीवर लिहून आणायचे. ‘मुलांचे गणित कच्चे आहे’ ही चिठ्ठी मी परत करतो. ‘तिसरीतल्या एका मुलाने ५२ वजा २७ याचे उत्तर ३५ लिहिले’ ही चिठ्ठी फळ्यावर लागते.

हे उदाहरण खरे आहे, आणि त्यावरची बैठक मी कधी विसरणार नाही. त्या दिवशी पाच वेगवेगळ्या शाळांच्या वह्यांमध्ये ३५ हेच उत्तर होते. उपस्थितांपैकी बहुतेकांनी पाच मिनिटांत निदान केले: मुले प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात, सातातून दोन गेले पाच आणि पाचातून दोन गेले तीन. एका भगिनींनी तर धैर्याने सांगितले की, ‘नेहमी मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे वाक्य आपणच पहिलीच्या वर्गात मुलांच्या तोंडी बसवतो. सगळे एकदम गप्प झाले, कारण ते वाक्य त्या खोलीतील प्रत्येकाने वर्गात उच्चारलेले होते. एक तरुण सहकारी उपायासह तयारच होते. दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या यांचा व्हिडिओ त्यांच्याजवळ होता आणि तो सर्वांना लगेच पाठवून पुढच्या विषयाकडे वळावे, असा त्यांचा आग्रह होता. तेवढ्यात मागे बसलेले एक ज्येष्ठ गुरुजी म्हणाले, “माझ्या वर्गातला मुलगा तर हातचा घेतो. मी पाहिलंय.” आम्ही ते उदाहरण फळ्यावर पुन्हा सोडवले. मुलाने दशक सुटा केला, बारातून सात वजा करून पाच लिहिले, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला तो विसरला आणि पाचातून दोन वजा करून त्याने तीन लिहिले. उत्तर पुन्हा ३५. दोन अगदी वेगळ्या चुका एकाच उत्तरामागे लपल्या होत्या आणि नुसत्या वहीवरून त्या ओळखणे शक्यच नव्हते.

त्या दिवशी उपाय वाटला गेला नाही. त्याऐवजी प्रत्येकाने आपल्या वर्गात ५३ वजा २७ हे उदाहरण द्यायचे ठरले, कारण पहिली चूक करणारे मूल ३४ लिहील आणि दुसरी करणारे ३६. पुढच्या महिन्यात दोन्ही उत्तरे आली. ज्यांच्या वर्गात ३४ जास्त होते, त्यांना मुलांकडून गठ्ठे सोडवून घेण्यापासून सुरुवात करावी लागली. ज्यांच्याकडे ३६ होते, त्यांना दशकाचा अंक खोडून त्याच्यावर नवा अंक लिहिण्याची सवय लावणे पुरले. तो व्हिडिओ त्याच दिवशी पाठवला असता, तर निम्म्या मुलांना नको ते औषध मिळाले असते. म्हणून आजही कोणी बैठकीच्या मध्यावर ‘सर, पीडीएफ गटावर टाका ना’ असे म्हटले की मी नकार देतो. नव्या शिक्षकांची ही घाई मला समजते, त्यांच्यावर निकालाचे दडपण असते. पण प्रश्न नीट कळण्याआधी घेतलेले साहित्य कपाटातच जाते, हे मी फार वेळा पाहिले आहे.

दुसरी चूक भाषणाची. बैठक सहभागींची असे म्हणायचे आणि एका उपक्रमशील शिक्षकाला ‘मार्गदर्शनासाठी’ उभे करायचे, हा प्रकार सर्रास चालतो. एका तालुक्यात मला बोलावले होते, तिथे दीपप्रज्वलन, प्रास्ताविक आणि सत्कार यांत ४० मिनिटे गेली. त्यानंतर एका सन्माननीय शिक्षकांनी आपल्या शाळेच्या प्रगतीचे सादरीकरण सुरू केले, ते जेवणाच्या सुटीपर्यंत संपले नाही. शाळा उत्तम होती, माणूस प्रामाणिक होता. पण समोरच्या शिक्षकांच्या पिशव्यांमध्ये वह्या तशाच राहिल्या.

हॅरिसन ओवेन यांनी १९८० च्या दशकात मुक्त अवकाशाची (‘ओपन स्पेस’) सभापद्धती मांडली, तिच्यात ‘दोन पायांचा नियम’ आहे: जिथे आपण शिकत नाही आणि काही देतही नाही, तिथून उठून दुसऱ्या गटात जावे. आपल्याकडे बोलणाऱ्याच्या समोरून उठणे हा अपमान मानला जातो, त्यातही बोलणारे वयाने मोठे किंवा हुद्द्याने वरचे असतील तर कोणी जागचे हलणार नाही. नियम नुसता वाचून दाखवला तर काही उपयोग होत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. मी तीन-चार लहान गट एकाच वेळी बसवतो, एका गटात सहापेक्षा जास्त माणसे घेत नाही आणि पहिल्या १५ मिनिटांनंतर स्वतः उठून दुसऱ्या गटात जाऊन बसतो. मग इतरांनाही उठण्याचा संकोच वाटत नाही. केंद्रातील शाळांवर देखरेख करणारे केंद्रप्रमुख आले तर त्यांना आदराने सांगतो की, आपणही एक वही आणावी आणि एका गटात बसावे. एकदा एका केंद्रप्रमुखांनी आपल्याच नातीची वही आणली होती. त्या दिवशीचे बोलणे सर्वांत मोकळे झाले.

एकमेकांचे पाठ पाहायला जाणारे गट आणखी एक चूक करतात, ती म्हणजे शिक्षकाचे निरीक्षण. फलकलेखन कसे होते, आवाज कसा होता, साहित्य वापरले का, अशा नोंदी घेतल्या की पुढच्या वेळी वर्ग उघडा ठेवायला कोणी तयार होत नाही. जपानमधील पाठ-अभ्यासाच्या परंपरेत शिक्षक पाठाचे नियोजन एकत्र करतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे मुलांचे शिकणे पाहतात. मी पाहुण्या शिक्षकाला दोन मुले नेमून देतो आणि ती दोन मुले काय बोलली, कुठे अडली, एवढेच लिहायला सांगतो. शिकवणाऱ्याबद्दल एक शब्दही नाही.

लहान चुका अनेक आहेत. द्विशिक्षकी शाळेतील दोघांनाही शाळेच्या वेळेत बोलावू नका, वर्ग वाऱ्यावर पडतात. हजेरीची सक्ती केली की सही करणारे येतात. छायाचित्रे शेवटी घ्या, नाहीतर चर्चा कॅमेऱ्याकडे तोंड करून होते. इतिवृत्त लिहायचेच असेल तर त्यात कोणी काय सांगितले यापेक्षा कोणता प्रश्न सुटला नाही, ते लिहा. व्हॉट्सअॅप गट निरोपापुरता ठेवा. चर्चेत आलेल्या मुलाचे नाव बैठकीबाहेर जाऊ देऊ नका.

बैठक संपताना प्रत्येक जण आपल्या दैनंदिनीत एकच गोष्ट लिहितो: कोणत्या दिवशी, कोणत्या मुलासोबत, काय करून पाहणार. पुढच्या महिन्याची बैठक त्या पानापासून सुरू होते. काहींचे पान कोरे असते. बदलीची कामे, सर्वेक्षण, आजारपण, कारणे खरी असतात. त्यांना मी रागावत नाही आणि मागेही बसवत नाही. त्यांनीच आधी बोलावे, काय करायचे राहून गेले आणि का, असे मी सांगतो, आणि मग ती अडचणच त्या दिवशी फळ्यावर पहिली लागते.