उन्हाळी फुलांची रोपं: ट्रेपासून वाफ्यापर्यंत

मराठवाड्यात उन्हाळी फुलझाडांची रोपं दोन वेळा दगावतात. एकदा थंडीत, उगवताना. दुसऱ्यांदा मार्चच्या उन्हात, वाफ्यात लावल्या लावल्या. थंडी ओसरणं आणि ऊन भडकणं यांमध्ये आपल्याकडे जेमतेम सहा आठवडे मिळतात. तेवढ्यात रोपाची मुळं जमिनीत खोल गेली तर एप्रिल-मे ते निभावून नेतं. म्हणून रोपं आधी आडोशाला वाढवायची आणि ती तयार असतानाच मोसम गाठायचा.

कधी पेरायचं

परभणी, उदगीर या भागांत जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांखाली जातो. अशा थंडीत झेंडू, झिनिया, सदाफुली यांचं बी ओल्या मिश्रणात नुसतं पडून राहतं आणि कुजतं. संक्रांत झाली की झेंडू आणि गलांडा पेरायला घ्या. सदाफुलीला २५ अंशांची ऊब लागते आणि ती वाढायलाही संथ. ती याच सुमारास पेरा, पण ट्रे स्वयंपाकघरात किंवा दिवसा तापणाऱ्या पत्र्याखाली ठेवा. झिनिया, कोंबडा, बटणफूल आणि ऑफिस टाइम (पोर्चुलाका) यांची पेरणी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात. त्यानंतर पेरलेलं रोप ऐन उन्हात लावायची वेळ येते.

गुढीपाडव्याच्या हारासाठी घरचा झेंडू हवा असेल तर बुटका, फ्रेंच जातीचा घ्या. तो पेरणीपासून साधारण ५० ते ६० दिवसांत फुलतो. आफ्रिकन झेंडू त्याहून जास्त वेळ घेतो. सूर्यफूल आणि कॉसमॉस मात्र ट्रेत घालूच नका. सूर्यफुलाचं सोटमूळ एकदा दुखावलं की झाड खुरटतं, आणि कॉसमॉस जागेवर टोकूनही सहज येतो.

मिश्रण आणि पाणी

बागेतली काळी माती ट्रेत भरायची नाही. ओली असताना ती चिकटून बसते, मुळांना हवा मिळत नाही; वाळली की भेगाळते आणि कोवळी मुळं तटातट तुटतात. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा) आणि एक भाग चाळलेलं गांडूळखत हे मिश्रण पुरेसं आहे. ६५० ग्रॅमची कोकोपीटची वीट चार लिटर पाण्यात भिजवली की आठ लिटरच्या आसपास भुगा होतो. ९८ कप्प्यांचे तीन ट्रे त्यात आरामात भरतात. हा भुगा दोनदा स्वच्छ पाण्यातून पिळून काढा, कारण नारळाच्या काथ्यात मिठाचा अंश असतो. मिश्रणात किलोमागे चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा.

पाण्याकडे बहुतेक जण बघतच नाहीत. बोअरच्या खारवट पाण्याने आठ-दहा दिवसांत मिश्रणावर पांढरी साय धरते, रोपांच्या पानांच्या कडा करपतात, आणि आपण खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतो. ट्रेला पाणी किती लागतं? दिवसाला लिटरभर. तेवढ्यासाठी नळाचं किंवा जारचं पाणी वापरा. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी अजिबात नको, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

ट्रे नसेल तर चहाचे कागदी कप किंवा दुधाच्या पिशव्याही चालतात. बुडाला दोन-तीन भोकं पाडा.

पेरणी

मिश्रण मुठीत दाबलं की गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी निथळू नये. एवढ्या ओलीवर कप्पे भरा, हलकेच दाबा आणि प्रत्येक कप्प्यात एक बी टाका. झेंडूचं बी लवकर जुनं होतं. मागच्या वर्षीचं असेल तर कप्प्यात दोन टाका. झेंडू आणि झिनियाचं बी अर्धा सेंटिमीटर खोल. बटणफुलाच्या बियांवर लव असते, त्या रात्रभर भिजवून पेरल्या की लवकर फुटतात.

ऑफिस टाइम आणि सदाफुली यांची तऱ्हा एकमेकींच्या उलट आहे. ऑफिस टाइमचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्याला उगवायला उजेड लागतो. ते चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून वरच्या वर भुरभुरायचं, झाकायचं नाही. सदाफुलीला अंधार लागतो. तिचं बी नीट झाकून ट्रेवर काळं प्लास्टिक किंवा दुहेरी गोणपाट घाला.

झेंडू, झिनियाचे ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने झाकले तरी चालतं. झेंडू आणि झिनिया चार ते सात दिवसांत, ऑफिस टाइम, बटणफूल आणि सदाफुली आठ ते पंधरा दिवसांत उगवतात. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ झाकण उघडून बघा. पहिले कोंब दिसले, की झाकण त्याच वेळी काढायचं. अंधारात एक दिवस जास्त राहिलेलं रोप दोऱ्यासारखं लांबतं आणि नंतर कितीही ऊन दिलं तरी त्याच्या बुडात जोर येत नाही.

ट्रे जमिनीवर ठेवू नका, मुंग्या बी ओढून नेतात. टेबलावर ठेवून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत बुडवले की हा त्रास संपतो.

रोपं कोलमडली तर

सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. काल ताठ असलेली रोपं सकाळी आडवी पडलेली दिसतात. एक उचलून बघा: वरची दोन पानं हिरवीगार, पण मिश्रणाला टेकणारा देठ तपकिरी, पाणचट आणि चिमट्याने दाबल्यासारखा बारीक झालेला. ही बुरशी आहे. संध्याकाळी घातलेलं पाणी रात्रभर थंडीत साचून राहिलं की ती फोफावते. पडलेली रोपं कप्प्यातल्या मिश्रणासकट काढून टाका, दोन दिवस पाणी तोडा आणि उरलेल्या ट्रेला कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात मुळाशी द्या. तांब्याच्या या औषधासोबत ट्रायकोडर्मा पुन्हा घालू नका, त्याला अपाय होऊ शकतो. पाणी नेहमी सकाळी आणि झारीने. वरचा थर फिकट दिसू लागला की मगच.

बीपानांनंतरची दोन खरी पानं आली की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं) विद्राव्य खत, लिटरला एक ग्रॅम. याहून जास्त नको. गडद हिरवं, लुसलुशीत, उंच रोप दिसायला छान असतं, पण वाफ्यात पहिलं तेच मान टाकतं. बोटभर उंचीचं, जाड बुडाचं रोप चांगलं.

उन्हाची सवय

झेंडू २५ ते ३० दिवसांत, झिनिया २० ते २५ दिवसांत लावणीला येतो. सदाफुलीला दीड ते दोन महिने द्यावे लागतात. लावणीच्या आठ दिवस आधी खत बंद करा. पहिले दोन दिवस सकाळी नऊपर्यंतचं ऊन, पुढचे तीन दिवस अकरापर्यंत, शेवटी दिवसभर उघड्यावर. या काळात पाणीही ताणून द्या. पानं किंचित मलूल झाल्यावरच. ही पायरी गाळली तर सावलीतली पानं पहिल्याच दुपारी पांढरी पडतात.

फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाड्याला नवी नाही. २०१४ साली तिने शिवारंच्या शिवारं झोडपली. म्हणून सगळी रोपं एका दिवशी लावू नका. एक तृतीयांश ट्रेतच मागे ठेवा, पंधरा दिवसांनी लावा.

वाफ्यात लावणी

भारी जमिनीत वाफा वीतभर उंच करा, अवकाळी पाऊस झाला तरी पाणी साचत नाही. खड्ड्यात ओंजळभर पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला. अर्धवट कुजलेल्या शेणखतातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. आफ्रिकन झेंडूला दीड फूट, फ्रेंच झेंडू, झिनिया, सदाफुलीला एक फूट, ऑफिस टाइमला वीतभर अंतर ठेवा.

संध्याकाळी पाचनंतर लावा. तासभर आधी ट्रे भिजवा, कप्पा खालून दाबा आणि रोप पानाला धरून काढा. कोवळा देठ चिमटला तर रोप गेलंच. झेंडू पहिल्या जोडपानांपर्यंत मातीत गाडला तरी देठाला मुळं फुटतात. सदाफुली मात्र ट्रेत होती तितकीच खोल. जास्त गाडली आणि पाणी जास्त झालं की कुजते.

पहिले पाच दिवस पश्चिमेच्या बाजूला आडोसा हवाच, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच येतं. तुराट्या किंवा पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळलेल्या काड्या) तिरप्या रोवल्या तरी काम होतं, नाहीतर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. मुळाशी सोयाबीनचं भुसकट किंवा गव्हाचं काड दोन इंच पसरा, देठापासून दोन बोटं दूर. याने जमिनीला भेगा पडत नाहीत आणि पाणी दिवसाआड देऊन भागतं.

झेंडू वीतभर झाला की शेंडा खुडा, बगलेतून फांद्या फुटतात. एप्रिलमध्ये पानांवर बारीक पिवळे ठिपके आणि खालून जाळी दिसली तर तो लाल कोळी, पानांतला रस शोषणारी बारीक कीड. सकाळी पानांच्या खालच्या बाजूने जोरात पाणी मारा आणि आठ दिवसांनी पुन्हा बघा.