पगार चांगला, काम कंटाळवाणं: सोडण्याआधीची दोन वर्षं

रात्री दोन-अडीचला फोन वाजला की पलीकडचा ऑपरेटर बोलायच्या आधीच मला कळायचं, ‘सॉक-सेव्हन’ असणार. मेनफ्रेमवर, म्हणजे बँका-विमा कंपन्यांच्या त्या मोठ्या जुन्या संगणकांवर, काम केलेल्यांना हे सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो: प्रोग्रॅमला ज्या रकान्यात आकडा हवा असतो तिथे रिकामी जागा किंवा भलतंच एखादं अक्षर येऊन बसतं आणि रात्री एकगठ्ठा चालणारा हिशोब, म्हणजे बॅच जॉब, तिथेच मान टाकतो. मी लॅपटॉप उघडायचो, तो एक रेकॉर्ड शोधून बाजूला काढायचो, जॉब त्याच स्टेपपासून पुन्हा सुरू करायचो, तक्रारीच्या नोंदीवर, म्हणजे तिकिटावर, ‘डेटा इश्यू’ लिहायचो आणि झोपायचो. वीस मिनिटांचं काम. हिंजवडीतल्या एका कंपनीत, एका अमेरिकन विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर, मी हे अकरा वर्षं केलं. हा प्रकार कायमचा बंद करायचं काम यादीत 2016 पासून पडून होतं. क्लायंट त्याचे पैसे द्यायला तयार नव्हता आणि खरं सांगायचं तर आम्हालाही घाई नव्हती.

हातात महिन्याला 1 लाख 12 हजार यायचे. 2023 च्या जूनमध्ये ती नोकरी सोडून मी 70 हजारांवर एका लहान कंपनीत गेलो. ही मंडळी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करतात. तेव्हापासून नात्यातली, ओळखीतली, चार-पाच वर्षं नोकरी झालेली मुलं विचारत असतात, ‘दादा, सोडू का?’ दर वेळी तेच तेच सांगतो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

आधी आमच्या आईचं म्हणणं, कारण ते चुकीचं नव्हतं. ती म्हणाली, ‘पगार एक तारखेला होतो ना? मग कंटाळा आला तर येऊ दे की. तुझ्या बापाला एसटीच्या वर्कशॉपमध्ये काय रोज तमाशा बघायला मिळायचा?’ यावर मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही. कंटाळा हे नोकरी सोडायचं कारण होऊ शकत नाही, असंच माझं मत झालंय. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा मित्र तेच काम माझ्याइतकीच वर्षं करतोय आणि मजेत आहे. तो हौशी नाटकांची प्रकाशयोजना करतो. सहाला सुटणारी, डोकं न खाणारी आणि राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत सुट्टी देणारी नोकरी त्याला हवीच आहे. त्याला कुणी ‘पॅशन फॉलो कर’ म्हणून नोकरी सोडायला लावली तर पहिलं नुकसान नाटकाचं होईल.

माझं तसं नव्हतं, हे मला रेझ्युमेमुळे कळलं. सोडायचा विचारही नव्हता तेव्हा. घराच्या कर्जाच्या वेळी कुठेतरी लागेल म्हणून जुना रेझ्युमे काढला आणि त्यात शेवटची तीन वर्षं लिहायला बसलो. एक ओळ झाली. तीही आधीच्या ओळीसारखीच. म्हणजे मी अकरा वर्षांचा अनुभवी नव्हतो, आठ वर्षांचा होतो, आणि पगार मात्र अकराचा घेत होतो. मला भीती वाटली ती इथे. उद्या हा प्रोजेक्ट बंद झाला तर माझ्या या पगाराला बाहेर गिऱ्हाईक कुठे होतं? म्हणून कुणी विचारलं तर मी आधी रेझ्युमे काढायला लावतो. गेल्या दोन वर्षांच्या चार खऱ्या ओळी निघत असतील तर काम कितीही रटाळ असो, घाई करू नका.

सोडायचं मनात आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे कमी पगारावर राहून बघितलं. बायको शाळेत शिकवते, तिचे 28 हजार. माझ्या पगारातले 70 हजारच घरात घ्यायचे, उरलेले दुसऱ्या खात्यात, त्या खात्याचं कार्ड कपाटात. रावेतच्या फ्लॅटचं कर्ज 35 लाखांचं, 20 वर्षांचं, हप्ता 31 हजारांच्या आसपास. कागदावर सगळं छान बसत होतं. पहिल्याच महिन्यात गणपती आले, मुलीच्या स्कूलबसची सहामाही फी आली आणि 19 तारखेला कपाटातलं कार्ड बाहेर आलं. दुसऱ्या महिन्यातही आलं. चौथ्या महिन्यापासून जमायला लागलं. गंमत म्हणजे हप्त्याने नाही छळलं, छळलं ते बाहेरून मागवलेल्या जेवणाने. शिफ्ट करून दमलो की मागव, वैतागलो की मागव. कंटाळवाण्या नोकरीचा कंटाळा घालवायला त्याच नोकरीचे पैसे जात होते. सहा महिन्यांची ही रंगीत तालीम केल्याशिवाय राजीनामा टाइपसुद्धा करू नये. त्यात वेगळे ठेवलेले पैसे हाच पुढचा आधार होतो. सोडताना माझ्याकडे आठ महिन्यांचा घरखर्च बाजूला होता.

दुसरं, जिथे जायचं ते काम आधी हाताने करून बघणं. कराडजवळच्या गावात माझ्या मामेभावाचं संकलन केंद्र आहे. जवळजवळ तीन महिने मी शनिवारी पहाटे तिथे जाऊन बसायचो. पैसे घेतले नाहीत आणि तेही मुद्दामच. ऑफर लेटरमध्ये दुसरीकडे काम करायला बंदी असते. 2022 मध्ये मूनलाइटिंगवरून आयटीत लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ते आठवत असेल. तो कागद काढून एकदा नीट वाचा.

तर, केंद्रावर. सकाळचे साडेसहा. रांगेत कॅन घेऊन माणसं. काट्यावर दूध ओतलं की वजन, मग फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, रक्कम अशी एक चिठ्ठी निघते. दर दहा दिवसांनी या चिठ्ठ्यांचा हिशोब होतो, त्याला तिकडे दुधाचा पगार म्हणतात. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ धरून ठरतो, त्याखाली गेलं की लिटरमागे पैसे कापले जातात. एक मावशी चिठ्ठी घेऊन खिडकीशी आल्या, ‘माझी फॅट कधी 3.9 च्या खाली लागत नाही, आज 3.2 कशी?’ मामेभाऊ म्हणाला, ‘मशीन खोटं बोलतंय व्हय?’ त्या हलेनात. मी मागे बसून बघितलं तर मशीनचं रीडिंग यायला दोन-तीन सेकंद उशीर झाला की सॉफ्टवेअर आधीच्या माणसाचाच आकडा उचलत होतं. तोच माझा जुना दोस्त, चुकीच्या रकान्यात चुकीचा आकडा. फक्त इथे तो रेकॉर्ड बाजूला काढून झोपता येत नव्हतं, कारण ते रेकॉर्ड समोर कॅन घेऊन उभं होतं. त्या दिवशी चिठ्ठी हाताने दुरुस्त केली. पुढच्या शनिवारी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला फोन लावून काय होतंय ते समजावून सांगितलं. तीच कंपनी आज मला पगार देते.

आता पैशाची, कागदांची बाजू. यातलं बरंच मी नीट केलं, एक चुकलो.

ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते ती एकरकमी रक्कम, कायमच्या नोकरीत सलग पाच वर्षं झाल्यावर मिळते. साडेचार वर्षं झालेला मुलगा ‘आता एक दिवस नको’ म्हणतो तेव्हा मी त्याला गणित करायला लावतो. माझ्या वेळी ते असं होतं: शेवटचा मूळ पगार गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं. माझा मूळ पगार 48 हजार होता, अकरा वर्षांचे तीन लाखांवर आले. सीटीसीच्या, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चाच्या, कागदावर ग्रॅच्युइटी दर वर्षी लिहिलेली असते म्हणून ती आपलीच, असं बऱ्याच जणांना वाटतं. पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवून नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. एकूण पाच वर्षं व्हायच्या आत काढला तर कर लागतो आणि पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते ती वेगळीच. नोटीस 90 दिवसांची होती, ती पूर्ण केली. भांडून, अर्धवट निघून गेलं की रिलीव्हिंग लेटर अडकतं आणि मग दोन वर्षांनी पुढच्या कंपनीच्या पडताळणीत ते उगवतं. मॅनेजरने 18 टक्के वाढ आणि ‘नव्या टेक्नॉलॉजीचा प्रोजेक्ट’ देऊ केला. वाढ मेलवर आली. प्रोजेक्टचंही मेलवर द्या म्हटलं, ते काही आलं नाही.

चुकलो ते आरोग्यविम्यात. कंपनीच्या गटविम्यात आई होती, तिची शुगर पहिल्या दिवसापासून धरलेली. मी समजून चाललो होतो की पॉलिसी वर्ष संपेपर्यंत चालते. ती माझ्या शेवटच्या कामाच्या दिवशी बंद झाली. स्वतःची पॉलिसी मी नोकरी सोडल्यावर चौथ्या दिवशी घेतली, आणि जुलैत, नोकरी सुटून अकरा दिवस होतात न होतात तोच, आईला डेंगी झाला. प्लेटलेट उतरल्या, सहा दिवस दवाखाना. नव्या पॉलिसीत अपघात सोडला तर पहिले 30 दिवस आजारपणाचा क्लेम मिळत नाही, हे मी सही करताना वाचलं होतं आणि पान उलटलं होतं. 68 हजारांचं बिल खिशातून गेलं. काउंटरवर कार्ड घासताना बायको शेजारी उभी होती. ती काही बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं. डिस्चार्जच्या दिवशी आई मात्र बोलली: ‘तिकडे असतास तर फुकट झालं असतं.’ तेही खरंच.

म्हणून राजीनाम्याच्या किमान चार-सहा महिने आधी, पगार चालू असताना, घरच्यांसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्या. जुन्या आजारांची प्रतीक्षा काही वर्षांची असते, ती जितकी लवकर सुरू होईल तितकी बरी. किंवा गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करा, पण तो संरक्षण संपायच्या आधी. एचआर हे आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. टर्म इन्शुरन्स आणि घर घ्यायचं असेल तर कर्जही पगाराच्या स्लिपा हातात असताना उरकलेलं बरं. स्लिपा बंद झाल्यावर बँक आयकर विवरणपत्रं मागायला लागते.

नव्या कामात सगळं छान आहे असं कुणी समजू नये. दरपत्रक बदललं की दीडशे केंद्रांवर तेच बदल, तेच फोन, तेच ‘सर, प्रिंट फिकी येते’. यातही कंटाळा आहे आणि पगार अजून जुन्याच्या मागे आहे. रेझ्युमेमध्ये गेल्या दोन वर्षांच्या सात ओळी झाल्यात, ते मी अधूनमधून उघडून बघतो.

फोन आता रात्री दोनला येत नाही, पहाटे पावणेसहाला येतो. आज आला तो मामेभावाचा होता. काटा वजन घेत नव्हता, रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि मागून त्याच मावशींचा आवाज येत होता, ‘त्याला म्हणावं लवकर कर, दूध नासतंय.’